आगीच्या बंबाचं चित्रपुस्तक करताना

आमच्या वस्तीतल्या बालवाचनालयात सगळ्यात लवकर फाटतात ती गाड्यांची पुस्तकं. जेसीबी, रेल्वे, कचऱ्याची गाडी, आणि या सगळ्यांच्या पुढे आगीचा बंब. तीन-चार वर्षांची मुलं हे पुस्तक मांडीवर घेऊन वाचत नाहीत, ती ते चालवतात. पान जमिनीवर उघडं टाकायचं, त्यावर पालथं पडायचं आणि तोंडाने भोंगा वाजवत बोटाने बंब पानभर फिरवायचा. अशा पुस्तकांच्या कडा मी वर्षानुवर्षं चिकटपट्टीने जोडत आले आहे, आणि जोडता जोडताच त्यांतली चित्रं मी मन लावून बघायला लागले.

बहुतेक पुस्तकं परदेशी, नाहीतर परदेशी चित्रांवरून इथे छापलेली. त्यांत जवान गुळगुळीत खांबावरून सरकत खाली येतात. बंबाशेजारी ठिपक्यांचा कुत्रा बसलेला असतो. फुटपाथवर लाल रंगाचा बुटका नळ असतो, त्याला पाइप जोडला की पाणी तयार. आग लागते ती अंगण असलेल्या सुट्या घराला. या सगळ्याला तिकडे खरा इतिहास आहे. तो खांब शिकागोच्या एका केंद्रात १८७८ साली आला, कारण खाली घोडे बांधलेले असायचे आणि माणसं वरच्या मजल्यावर झोपायची. ठिपक्यांचे कुत्रेही त्याच काळातले, घोड्यांच्या गाडीबरोबर धावणारे. घोडे गेले, खांब आणि कुत्रा चित्रांत राहिले. आमच्याकडच्या एका मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘आपल्या बंबातला कुत्रा कुठे गेला?’

परक्या देशाच्या गोष्टी मुलांनी वाचू नयेत, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या पिढीने लोकवाङ्मय गृहातून मिळणारी सोव्हिएत चित्रपुस्तकं पाहिली. तिथला बर्फ, तिथली लाकडी घरं, तिथली अस्वलं आम्ही आनंदाने आपलीशी केली. पण अस्वल काही आपल्या दारात येणार नव्हतं. बंब येऊ शकतो. ज्या दिवशी तो येईल, त्या दिवशी त्यातून कोण उतरणार, ते कसे दिसतील आणि आपण काय करायचं, हे मुलाला आधीपासून माहीत हवं. म्हणून आपल्या गल्लीत शिरणाऱ्या बंबाचं मराठी चित्रपुस्तक करायचं मी ठरवलं. चित्रं काढायला माझी एक चित्रकार मैत्रीण तयार झाली. बालवाडीतल्या मुलांसोबत तिने बरीच वर्षं काम केलेलं आहे.

अग्निशमन दलाच्या कार्यालयाला रीतसर पत्र दिलं, परवानगी मिळाली, आणि आम्ही पुण्यातल्या एका केंद्रात जाऊ लागलो. आमची कल्पना अशी की बंबाची चारी बाजूंनी रेखाटनं करायची, थोडे फोटो काढायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे. तिथल्या तांडेलांनी, म्हणजे जवानांच्या तुकडीच्या प्रमुखांनी, मात्र पहिल्यांदा बंबाच्या बाजूची पत्र्याची शटरं सरकन वर केली आणि म्हणाले, ‘बाहेरून काय बघताय, ताई? आतून बघा.’ बंबाची सगळी श्रीमंती त्याच्या पोटात असते, हे तेव्हा कळलं. कुऱ्हाड, पहार, कटर, दोरखंड, टॉर्च, फोमचे कॅन, आणि गुंडाळून उभे ठेवलेले पाइप. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी तीच वस्तू हाताला लागली पाहिजे, म्हणून.

पाइपांकडे मी आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ६३ मिलिमीटर व्यासाचा, साधारण १५ मीटर लांबीचा एक तुकडा. रिकामा असताना तो सपाट पट्ट्यासारखा असतो, पाणी शिरलं की टणक गोल होतो. गुंडाळायचीही रीत आहे. पाइप मधोमध दुमडून मग गुंडाळायचा, म्हणजे दोन्ही तोंडं बाहेरच्या बाजूला राहतात आणि फेकला की एका झटक्यात उलगडतो. एका पाइपाचं तोंड दुसऱ्यात घातलं की ‘खट्’ असा आवाज येतो आणि जोड पक्का बसतो. पेचबिच फिरवत बसायला तिथे वेळ नसतो. आग जितकी आत, तितके पाइप जोडायचे. आमच्या पुस्तकातली मोजणी मला तिथेच सापडली. गल्लीच्या तोंडापासून वाड्यापर्यंत एक खट्, दोन खट्, तीन खट्. पुढे मुलांना वाचून दाखवताना हे पान दहा वेळा मागे फिरवावं लागलं, इतकं ते आवडलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या बंबाची टाकी ४,५०० लिटरची होती, म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन. एवढं ओझं घेऊन पेठेतल्या वळणावर बंब वळवायचा, हे यंत्रचालकाचं कसब. आणि एवढं पाणीसुद्धा मोठी धार सुरू केली की काही मिनिटांत संपतं. म्हणून मागून मोठे टँकर येतात आणि बंबाला पाणी देत राहतात. परदेशी पुस्तकांत पाणी कधी संपत नाही. आपल्याकडे ते संपतं, आणि ते संपू नये म्हणून किती माणसं राबतात, ही खरी गोष्ट आहे. बालवाडीतल्या मुलांना पाण्याचा टँकर चांगलाच ओळखीचा असतो. त्यांच्या ओळखीची ही साधी गाडी बंबाच्या मदतीला धावते, हे चित्र बघून त्यांना फार बरं वाटलं.

पंप चालतो तो गाडीच्याच इंजिनावर. गाडी उभी करून इंजिनाची ताकद चाकांऐवजी पंपाकडे वळवतात. त्यामुळे यंत्रचालक आगीकडे जात नाही. तो बंबापाशी, गोल तबकड्यांसमोर उभा राहून दाब सांभाळतो. दाब कमी पडला तर धार पोचणार नाही, अचानक वाढला तर पुढे पाइप धरलेली माणसं ढकलली जातील. पाण्याचा मागे मारणारा धक्का एवढा असतो की मोठ्या धारेच्या ब्रँचवर, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या तोटीवर, एकट्याने उभं राहत नाहीत, मागे दुसरा लागतोच. आगीशी लढणारा एकटा वीर काढायचा मोह चित्रात नेहमी होतो. पण इथे पाहिलेल्या प्रत्येक कामाला दुसऱ्याचा हात लागत होता, आणि तेच आम्हाला पुस्तकात आणायचं होतं. तबकड्या बघत शांत उभ्या राहिलेल्या यंत्रचालकाला आम्ही एक अख्खं पान दिलं.

एकदा आम्ही तिथे असतानाच वर्दी आली, म्हणजे मदतीसाठी बोलावणं आलं. चहाचे कप टेबलावर तसेच राहिले. बोलाबोली नाही, धावाधाव नाही, प्रत्येक जण आपापल्या जागी. बघता बघता बंब फाटकातून बाहेर. मैत्रिणीच्या वहीत जेमतेम चार रेघा उमटल्या होत्या, पण त्या रेघांमधला वेग पुढच्या कुठल्याच सावकाश काढलेल्या चित्राला आला नाही. पुस्तकातलं निघण्याचं पान तिने त्याच रेघांवरून केलं. त्या पानावर मी एवढंच लिहिलं:

घंटा झाली घण घण घण,
बूट चढवा, निघा चटकन!

ती वर्दी होती झाडपडीची. मांजात अडकलेला पक्षी, विहिरीत पडलेलं जनावर, पावसाळ्यात खचलेली भिंत, विसर्जनाच्या दिवशी नदीघाटावरचा बंदोबस्त, दिवाळीत गच्चीवर पडलेला रॉकेट, हे सगळं त्यांच्याच वाट्याला. दसऱ्याला बंबाला झेंडूची तोरणं बांधून पूजा होते. हे सगळं पुस्तकात यावं असं मला वाटत होतं. अखेर ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, शेवटच्या कव्हरच्या आत, लहान लहान चित्रांत बसवलं. मूळ गोष्ट एका आगीचीच ठेवायची हे नक्की झालं, आणि त्याला कारण तिथल्या अधिकारी साहेबांशी झालेलं बोलणं.

मी त्यांना विचारलं होतं, ‘चार वर्षांच्या मुलाला आगीबद्दल एकच गोष्ट शिकवायची असेल तर कुठली?’ मला वाटलं, ते काडेपेटीबद्दल बोलतील, किंवा १०१ नंबरबद्दल. ते म्हणाले, ‘लपायचं नाही. मोठं माणूस हाका मारतं. लहान मूल लपतं. कॉटखाली शिरतं, कपाटात बसतं, मोरीत दडतं. धुरात आम्हाला काही दिसत नाही, ते हाक देत नाही. आम्ही जवळ गेलो तर आणखी आत सरकतं, आम्हालाच घाबरून.’

मग त्यांनी एका जवानाला श्वसनसंच चढवायला सांगितला. तिथे सगळे त्याला बीए सेट म्हणतात. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेची टाकी असते. ऑक्सिजन नव्हे, साधी हवाच. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा झाकणारा मास्क, पुढे काच. वर हेल्मेट, हातात मोजे, पायात गमबूट. संच चढवायच्या आधी तो तरुण आमच्याशी हसून बोलत होता. मास्क लावला आणि चेहरा गेला. उरला तो श्वासाचा आवाज. ‘हूऽऽ’ आत, ‘फूऽऽ’ बाहेर. मी पन्नाशीची बाई, उजेडात, खुर्चीवर बसलेली, समोर ओळखीचा माणूस. तरी माझ्या अंगावर काटा आला. धुराने भरलेल्या खोलीत, रात्री, ही आकृती टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत जवळ आली तर चार वर्षांच्या जिवाला काय वाटेल?

घरी परतताना आम्ही दोघी याच विषयावर बोलत होतो. आमच्या पुस्तकाला त्याचं काम मिळालं होतं. चाकं, शिडी, भोंगा हे सगळं असणारच होतं, त्यासाठीच तर मुलं पुस्तक उघडतात. पण त्या सगळ्यातून मुलाला मास्कमागच्या माणसाशी ओळख करून द्यायची होती.

गोष्ट बेतली ती अशी. पेठेतली अरुंद गल्ली. गल्लीत लाकडाची वखार, तिला लागून जुना वाडा. वखारीला आग लागते आणि धूर वाड्याच्या वरच्या खोलीत शिरतो. तिथे आजी आणि नात. आग कोणामुळे लागली हे आम्ही मुद्दाम सांगितलं नाही. मुलाने काडी पेटवली आणि घर जळलं, अशी गोष्ट वाचून मूल शिकत नाही, नुसतं भेदरतं. आणि उद्या खरंच काही झालं तर ‘आपल्यावर रागावतील’ म्हणून आणखी खोल लपतं. बंब गल्लीत मावत नाही, तो तोंडाशी थांबतो. पाइप जोडत जोडत जवान आत जातात. एक जण वर जातो. नात लपत नाही. ती ओरडते, ‘मी इथे आहे!’

वर जाणारा तो एक जण बाई असावी, हे मैत्रिणीने सुचवलं. त्यात ओढूनताणून काही नव्हतं. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिणी कान्हेकर यांनी २००२ साली प्रवेश घेतला, ते महाविद्यालय १९५६ पासूनचं, आणि तिथे शिकलेल्या त्या पहिल्या महिला. मुंबईच्या दलात आता महिला अग्निशामक आहेत. आमच्या पुस्तकातल्या ताईला आम्ही नाव दिलं नाही, पण कपाळावर एक ठसठशीत लाल टिकली दिली. पुढे या टिकलीनेच पुस्तक तारलं.

पानांचा पहिला कच्चा आराखडा पेन्सिलीत काढून, पिना मारून, तो घेऊन मी बालवाडीत गेले. त्यात मास्क घातलेली आकृती एकदम धुराच्या पानावर येत होती आणि पुढच्या पानावर मास्क काढून ताई हसत होती. गोष्टीच्या दृष्टीने ही बरी कलाटणी. पण धुराचं पान उघडताच समोरच्या तिघी-चौघी मागे सरकल्या. एकीने ओढणीत तोंड लपवलं. पुढच्या पानावरचं हसू तिने पाहिलंच नाही. साहेबांनी सांगितलेलं लपणं माझ्या डोळ्यांसमोर, एका सतरंजीवर घडत होतं. मोठ्यांना आवडणारा उत्कंठेचा खेळ इथे कामाचा नव्हता. मुलाला आतलं माणूस आधीपासून माहीत पाहिजे होतं.

मग मैत्रिणीने ताईचं तयार होणं एका सलग जोडपानावर पसरलं. बूट. कोट. पाठीवर टाकी. मास्क हनुवटीला. पट्टे ओढले. हेल्मेट. सहा आकृत्या, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकीत चेहरा थोडा थोडा झाकत जातो, पण काचेतून टिकली शेवटपर्यंत दिसते. खाली मी फक्त आवाज लिहिले. ‘टप टप’, ‘सर्र’, ‘खट्’, आणि शेवटी ‘हूऽऽ फूऽऽ’. मुलांना वाचून दाखवताना तो श्वास मी काढायचे आणि मग तीही काढायची. पंधरा-वीस मुलं एका सुरात हूऽऽ फूऽऽ करायला लागली की तो आवाज त्यांचाच होऊन जायचा.

आता धुराचं पान. पूर्ण करडं, मधोमध टॉर्चचा पिवळसर झोत आणि त्याच्या मागे काचेत एक लाल ठिपका. दुसऱ्या खेपेला हे पान उघडलं तेव्हा एका मुलाने झेप घेऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘ही ताई! टिकलीवाली ताई!’ कोणी मागे सरकलं नाही. नात जमिनीलगत बसलेली दाखवली आहे, कारण धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. तिचं तोंड उघडं, हात वर. या पानावर एकच वाक्य आहे, ‘मी इथे आहे!’, आणि ते मुलांनी म्हणायचं आहे, वाचणाऱ्याने नाही. वाचणाऱ्याने फक्त विचारायचं, ‘कोण आहे का आत?’ वर्ग दणाणतो.

बीए सेटमधली हवा संपत आली की एक शिट्टी आपोआप वाजू लागते. बाहेर पडायची वेळ झाली, अशी ती खूण असते. ही शिट्टी गोष्टीत आणायचा मला फार मोह झाला. मैत्रीण नको म्हणाली. मुलांचा जीव त्या ताईत अडकलेला असताना तिची हवा संपतेय असं सांगायचं नाही, हा तिचा मुद्दा मला पटला. शिट्टी मग आतल्या कव्हरवर, टाकीच्या चित्राशेजारी एका ओळीत आली. ज्या मुलाला हवी ते शोधून काढतं.

मजकूर लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला तो रहदारीच्या पानाला. बंब गर्दीत अडकतो, हे शहरातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, मधे टेम्पो, पुढे हातगाडी. मला तिथे उपदेश नको होता, मुलांनी म्हणण्याजोगं काहीतरी हवं होतं. खूप खाडाखोड करून उरलं ते हे:

थांब रे रिक्षा, बस तू थांब,
आधी जाऊ दे आगीचा बंब!

एका आईने नंतर सांगितलं, तिचा मुलगा सिग्नलला स्कूटरवर पुढे उभा राहून हे मोठ्याने म्हणतो. मग शेजारचे लोक आरशात मागे बघतात, बंब आला की काय म्हणून.

शिडीला पान पुरत नव्हतं. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे, म्हणजे जवळजवळ तिसाव्या मजल्यापर्यंत. आमच्या वाड्याला तिची गरज नव्हती, पण बंबाच्या पुस्तकात उंच शिडी नसली तर मुलं आम्हाला माफ करणार नाहीत, हेही माहीत होतं. म्हणून शेवटी एक जोडपान वेगळंच केलं. पुस्तक आडवं न धरता उभं धरायचं, की दोन्ही पानं मिळून एक उंच इमारत होते आणि शिडी खालून वरपर्यंत चढते. अडचण मधल्या घडीची. पिना मारलेल्या पुस्तकात घडीपाशी चित्र थोडंफार गिळलं जातं. मैत्रिणीने शिडीवरची माणसं घडीच्या वर आणि खाली अशी बसवली, घडीवर नुसत्या पायऱ्या ठेवल्या. आता मूल पुस्तक फिरवतं, मान वर करतं आणि बोटाने पायऱ्या चढतं.

छपाई हा वेगळाच अभ्यास निघाला. लाल रंग चार रंगांच्या छपाईत किरमिजी आणि पिवळा एकावर एक पूर्ण छापून होतो. पडद्यावर झळाळणारा बंब साध्या मॅपलिथो कागदावर विटकरी दिसत होता, कारण तो कागद शाई पितो. शेवटी मॅट आर्ट पेपर घेतला, खर्च वाढला तरी. दुसरा पेच ज्वाळांचा. बंबही लाल आणि आगही लाल असली तर लहान मुलाला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून आगीत लाल अजिबात घातला नाही, पिवळा आणि केशरी एवढेच ठेवले. संपूर्ण पुस्तकात लाल फक्त दोन ठिकाणी आहे, बंबावर आणि टिकलीत. धुराचं पान पाहून प्रेसमधले मशिनमन म्हणाले, ‘चारी शाया एवढ्या चढवल्यात तर हे पान वाळणार नाही, समोरच्या पानाला डाग लागतील.’ त्यांच्याच सल्ल्याने करडा रंग काळ्यात थोडा निळा घालून केला. तो आधीपेक्षा जास्त धुरासारखा दिसला.

एका प्रकाशकांनी आमचा आराखडा आवडूनही एक अट घातली होती. चित्रांत कुठेही मराठी अक्षरं नकोत. धंद्याच्या बाजूने त्यात तथ्य आहे. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. मजकूर फक्त काळ्या शाईत असला तर दुसऱ्या भाषेसाठी काळी प्लेट तेवढी बदलायची, बाकी तिन्ही तशाच वापरायच्या. बंबाच्या लाल अंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘अग्निशमन दल’ लिहिलं की ते किरमिजी आणि पिवळ्या प्लेटांमध्ये कोरलं जातं आणि हिशेब बिघडतो. शिवाय लालातून पांढरी अक्षरं काढताना प्लेटा केसभर हलल्या तरी वेलांटीच्या बारीक रेघा भरून जातात. पण पहिलीतलं मूल रस्त्यावर खरा बंब बघून त्यावरची तीच अक्षरं जुळवून वाचेल, याच्यापुढे मला दुसरा कुठलाच हिशेब दिसेना. वखारीची पाटी, वाड्यावरचं नाव, दुकानावरचा दर, सगळं मराठीत ठेवलं. अक्षर जाड घेतलं. वेगळे प्रकाशक शोधावे लागले, त्यात बरेच महिने गेले. ते महिने गेले ते योग्यच झालं, असंच मला आजही वाटतं.

शेवटच्या पानाबद्दल आमच्या दोघींत वाद झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एसएस फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर दारूगोळा होता. जवान आग विझवत असतानाच दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि २० तारखेपर्यंत सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीत तर मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. हे पुस्तकात कुठेच न येणं मला कृतघ्नपणाचं वाटत होतं. मैत्रिणीचं म्हणणं, चार वर्षांच्या मुलाला आत्ताच टिकलीवाली ताई भेटली आहे, ती परत येईल की नाही ही शंका त्याच्या मनात आपण पेरायची नाही. दोघींचंही म्हणणं राखलं. गोष्टीत सगळे सुखरूप परततात, ओले पाइप वाळत घालतात, चहा पितात. मागच्या कव्हरवर, मोठ्यांसाठी, लहान टाइपात त्या ६६ जणांना पुस्तक अर्पण केलं आहे, तारखेसह. शेजारी १०१ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक मोठ्या आकड्यांत आहेत, कारण ते मुलांनाही वाचता यायला हवेत.

अंतिम प्रूफ घेऊन आम्ही केंद्रात गेलो. तांडेलांनी ते सावकाश, एक एक पान उलटत पाहिलं. पाइपांच्या पानावर थांबून जोड मोजले. मग ब्रँच धरलेल्या जवानाचे पाय थोडे फाकवायला सांगितले, ‘असा उभा राहिला तर धारेने पडेल.’ मैत्रिणीने तिथेच बसून पाय बदलले. घरी नेण्यासाठी त्यांनी एक प्रत मागितली, नातीसाठी.

पुस्तक निघाल्यापासून अग्निशमन सप्ताहात आम्ही ते घेऊन बालवाड्यांत जातो, आणि जमेल तिथे केंद्रातले एखादे जवानही येतात. आता आमची रीत ठरून गेली आहे. आधी पुस्तक वाचायचं, बंब नंतर. बंब आधी दाखवला तर पुस्तकाकडे कोणी बघत नाही. जवानांनी मास्क घालून यायचं नाही, साध्या गणवेशात येऊन आधी मुलांशी बोलायचं. मग सतरंजीवर मुलांच्या उंचीला बसून, तयार होण्याचं जोडपान उघडं ठेवून, एक एक वस्तू चढवायची. बूट दाखवला की मुलं बूट म्हणतात, टाकी दाखवली की टाकी. मास्क लावला की हूऽऽ फूऽऽ. ज्याला हात लावायचा असेल त्याने काचेला हात लावायचा, नको असेल त्याला आग्रह नाही. मग जवान रांगत वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि तिथून विचारतात, ‘कोण आहे का आत?’

तुमच्या बालवाडीला असं करायचं असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्राला शाळेच्या कागदावर पत्र द्या. दिवाळीचे दिवस आणि जून-जुलैचे पावसाचे आठवडे टाळा, तेव्हा त्यांना उसंत नसते. मुलांचे गट लहान ठेवा. मधेच वर्दी आली तर कार्यक्रम तिथेच थांबणार, हे मुलांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा तसं झालं, तेव्हा निघणाऱ्या बंबामागे फाटकापर्यंत धावत सगळी मुलं ‘थांब रे रिक्षा’ म्हणत होती.